जयश्री गडकर

जयश्री गडकर (१९४२ - २९ ऑगस्ट, २००८) या मराठी व हिंदी चित्रपटांतील अभिनेत्री होत्या. १९५० आणि १९६०च्या दशकांतील मराठी चित्रपटसृष्टीच्या त्या आघाडीच्या नायिका मानल्या जातात.

== सुरुवात ==
गडकर यांचा जन्म तत्कालीन मुंबई प्रांतातील कारवारजवळच्या सदाशिवगड परिसरात झाला. हा भाग आता कर्नाटकात आहे. व्ही. शांताराम यांच्या 'झनक झनक पायल बाजे' (१९५५) या चित्रपटातील समूहनृत्यात त्यांनी भाग घेतला होता. त्यानंतर त्या मराठी चित्रपटांत नृत्यांगना व पुढे नायिका म्हणून दिसू लागल्या.

== चित्रपट कारकीर्द ==
अनंत माने दिग्दर्शित 'सांगत्ये ऐका' (१९५९) या चित्रपटाने त्यांना अमाप लोकप्रियता मिळवून दिली. आईवर झालेल्या अन्यायाची कहाणी तमाशाच्या फडावरून गावापुढे मांडणाऱ्या मुलीची भूमिका त्यांनी साकारली. आईच्या भूमिकेत हंसा वाडकर होत्या. पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात हा चित्रपट १३१ आठवडे चालला. त्याच्या यशानंतर तमाशापटांची लाट आली आणि गडकर यांची लावणीनर्तिका ही प्रतिमा रूढ झाली. गजानन जागीरदार दिग्दर्शित 'वैजयंता' (१९६१) हा त्याच परंपरेतील चित्रपट होय.

तथापि त्यांचा अभिनय या प्रतिमेपुरता मर्यादित राहिला नाही. महादेवशास्त्री जोशी यांच्या कथेवरील 'मानिनी' (१९६१) मध्ये त्यांनी स्वाभिमानी विवाहितेची भूमिका केली. भालजी पेंढारकर यांच्या 'साधी माणसं' (१९६५) मध्ये त्या लोहाराच्या पत्नीच्या भूमिकेत होत्या. सूर्यकांत हे त्यांचे सहकलाकार होते, तर 'आनंदघन' या नावाने लता मंगेशकर यांनी चित्रपटाला संगीत दिले. दागदागिने आणि नृत्य यांवाचून, भात्याजवळच्या कष्टकरी स्त्रीचे साधेपण त्यांनी या भूमिकेत उभे केले. 'मानिनी' व 'साधी माणसं' या दोन्ही चित्रपटांना सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचे राष्ट्रपती रौप्यपदक मिळाले. 'मोहित्यांची मंजुळा' (१९६३), 'पवनाकाठचा धोंडी' (१९६६) आणि 'एक गाव बारा भानगडी' (१९६८) हे त्यांचे अन्य उल्लेखनीय चित्रपट होत. हिंदीत 'सारंगा' (१९६१) मध्ये त्या नायिका होत्या.

== दूरदर्शन व उत्तरकाळ ==
रामानंद सागर यांच्या 'रामायण' (१९८७-८८) या दूरदर्शन मालिकेतील कौसल्येच्या भूमिकेमुळे त्या देशभर घरोघरी पोहोचल्या. त्यांचे पती, अभिनेते बाळ धुरी, यांनी त्याच मालिकेत दशरथाची भूमिका केली होती. गडकर यांनी चित्रपट दिग्दर्शनही केले. 'अशी मी जयश्री' हे त्यांचे आत्मचरित्र होय. मुंबई येथे त्यांचे निधन झाले.