शरीराचे गावकूस

जुन्या गावाला गावकूस असे आणि गावकुसाला वेस असे. आपल्या शरीराचेही तसेच आहे. कातडी हे त्याचे गावकूस आणि तोंड ही त्याची वेस. गावकुसाचा एक जुना रोग म्हणजे कुष्ठ. वेशीवरचा रोग म्हणजे तोंडाचा कर्करोग. या दोन्ही रोगांचा छडा लावण्यासाठी मुंबईत परळला एका माणसाने आयुष्य वेचले, ही गोष्ट आमच्या इतिहासाच्या पुस्तकांत सहसा येत नाही. लढाया येतात, तह येतात. सूक्ष्मदर्शकाखाली झालेली लढाई तेवढी राहून जाते. मी विज्ञानाचा नव्हे, इतिहासाचा अध्यापक. म्हणूनच ती सांगावीशी वाटते. त्या माणसाचे नाव डॉ. वसंत रामजी खानोलकर (1895–1978).

प्रथम हे गावकूस बांधले कशाचे, ते पाहू. नख, केस, गुराचे शिंग आणि आपली वरची कातडी यांत एकच मुख्य प्रथिन असते. त्याला केराटिन म्हणतात. केराटिनाचे धागे पेशीपेशींत विणलेले असतात. म्हणून कातडी घासली तरी फाटत नाही. तोंडातले अस्तरही याच जातीचे. पण हिरड्यांवर आणि टाळूवर जसा कठीण थर असतो, तसा गालाच्या आतल्या बाजूस नसतो. तिथली भिंत ओली आणि मऊ. शिवाय या भिंतीत पहारेकरीही असतात. 1868 साली पाउल लांगरहान्स या बर्लिनमधील वैद्यकाच्या विद्यार्थ्याला कातडीत फांद्याफांद्यांच्या पेशी दिसल्या. त्या मज्जातंतूंच्या असाव्यात, असे त्याला वाटले. पुढे शंभरएक वर्षांनी उलगडा झाला, की त्या प्रतिकारशक्तीच्या चौकीवरील शिपाई आहेत. बाहेरून कोण आला, याची वर्दी त्या आत देतात.

खानोलकरांनी 1923 साली लंडन विद्यापीठाची एम. डी. मिळवली. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजात आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात त्यांनी विकृतिशास्त्र शिकवले. 1941 साली परळला टाटा स्मारक रुग्णालय उघडले, तेव्हा तिथल्या प्रयोगशाळा त्यांच्या हाती आल्या. पश्चिमेकडे कमी आढळणारा तोंडाचा कर्करोग इथे रोज दारात उभा. असे का? वंश वेगळा, रक्त वेगळे, असे म्हणून मोकळे होणे सोपे होते. खानोलकरांनी निराळाच प्रश्न विचारला: हा माणूस रोज करतो काय? तंबाखू कुठे ठेवतो? नेसतो कसा?

1945 साली त्यांनी आणि त्यांच्या सहकारी बी. सूर्याबाई यांनी भारतातील तीन नव्या तऱ्हांचे कर्करोग वर्णिले. खालच्या ओठामागे तंबाखू-चुन्याची खैनी धरणाऱ्याला ओठाचा. चुट्ट्याचे जळते टोक तोंडात घेऊन ओढणाऱ्याला टाळूचा. आणि कमरेला धोतर वर्षानुवर्षे एकाच जागी घट्ट काचत राहिले, तर तिथल्या कातडीचा. बघा, जिथे सवय तिथे रोग! दैव, पूर्वकर्म, कुळी यांपैकी कोणाचीही साक्ष काढावी लागली नाही. पान, तंबाखू आणि धोतराची गाठ यांनीच साक्ष दिली.

आता गावकुसाकडे वळू. कुष्ठाचा जंतू नॉर्वेच्या हान्सेन यांनी 1873 साली पाहिला. मुंबईत 1890 साली माटुंग्यास कुष्ठरोग्यांसाठी आश्रयस्थान निघाले, ते म्युनिसिपल कमिशनर अॅक्वर्थ यांच्या खटपटीने. मराठी पोवाडे शाळिग्रामांच्या जोडीने गोळा करून छापणारे अॅक्वर्थ ते हेच. पण रोग्यांना वेगळे ठेवण्याचा कायदाही 1898 साली आला. जंतू सापडला होता, तरी लोकांच्या मनातले पाप जाईना.

खानोलकरांनी अगदी आरंभीच्या डागांचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली धरले. रोग बाहेर पुरता उमटण्यापूर्वीच जंतू कातडीतल्या बारीक मज्जातंतूंत शिरलेले असतात, हे त्यांच्या 1951 च्या अहवालात आले. बोटे झडतात ती 'सडतात' म्हणून नव्हे. मज्जातंतू बधिर होतो, चटका कळत नाही, जखम कळत नाही, आणि हात आपला आपल्यालाच परका होतो. दुसरी गोष्ट प्रतिकारशक्तीची. 100 पैकी सुमारे 95 माणसांना हा जंतू बाधतच नाही. ज्यांना बाधतो, त्यांतही प्रतिकार बळकट असेल तर दोनचार बधिर चट्ट्यांवर निभावते. दुबळा असेल तर कातडीत जंतूंची जत्रा भरते. जंतू एकच, फरक शरीराच्या जबाबात.

1952 साली परळला भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले. तिथे पुण्याच्या कमल रणदिवे यांनी ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. 1958 साली बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी कुष्ठरोग्याच्या शरीरातून काढलेला एक जंतू काचेच्या नळीत वाढवल्याचे प्रसिद्ध केले. तो कुष्ठाचा खरा जंतू नव्हे, त्याचा भाऊबंद म्हणाना, हे पुढे ठरले. तरी त्या घराण्यातून डॉ. देव यांनी लस तयार केली. तमिळनाडूत तिची मोठी चाचणी झाली आणि 1998 साली निकाल आला: सुमारे 65 टक्के संरक्षण.

शास्त्रज्ञाचा संशय दर वेळी खऱ्या चोरावरच जातो असेही नाही. 1953 साली मुंबईच्या डॉ. जोशी यांनी तोंडाचे अस्तर आतून ताठत जाऊन जबडा उघडेनासा होतो, अशा विकाराचे वर्णन केले. सत्यवती सिरसाट आणि खानोलकर यांनी 1960 साली उंदरांवर प्रयोग करून मिरचीतल्या तिखट द्रव्याकडे बोट दाखवले. खरा गुन्हेगार निघाली सुपारी. 2004 साली जागतिक कर्करोग संस्थेने नुसत्या सुपारीलाही, तंबाखूविना, कर्ककारक ठरवले. पुढे परळच्या केंद्राच्या वारसांनी केराटिनाचा मागोवा घेतला. निरोगी तोंडाच्या अस्तरात नसणारी 8 आणि 18 क्रमांकाची केराटिने कर्करोग झालेल्या पेशींत डोके वर काढतात. भिंतीच्या विटाच बदलू लागल्या, तर घात जवळ आला समजावे.

कायदे हळूहळू शहाणे झाले. 1898 चा कायदा 2016 साली गेला. कुष्ठ हे घटस्फोटाचे कारण राहिले नाही, ते 2019 साली. महाराष्ट्रात 2012 साली गुटख्यावर बंदी आली. पण आमच्या बोरीवली स्टेशनाबाहेर घटकाभर उभे राहा. गाडी पकडण्याआधी तळहातावर तंबाखू मळून बार भरणारे किती दिसतात, ते मोजा. त्यांत माझ्या वर्गातल्या वयाची पोरेही असतात. त्याच गाडीने प्रभादेवीला उतरून पलीकडे गेले की टाटा रुग्णालय. अंतर एवढेच.

तेव्हा एवढे ध्यानात ठेवा. तोंडात पांढरा वा लाल चट्टा दिसला, दोनतीन आठवड्यांत न भरणारी जखम झाली, तोंड पूर्वीइतके उघडेना, तर दाखवून घ्या. अंगावर बधिर डाग असेल तर लपवू नका. सरकारी दवाखान्यात कुष्ठाचे औषध फुकट मिळते आणि रोग पुरता बरा होतो. शेजारी कोणी बरा होऊन परतला असेल, तर त्याच्या हातचा चहा घ्या. जंतूला अडवायला शरीराचे गावकूस आहे; माणसाला अडवायला आपण दुसरे बांधू नये.