सीताबर्डी : टेकडीच्या पायथ्याची बाजारपेठ

नागपूरकरांच्या तोंडी सीताबर्डी हे नाव क्वचितच पूर्ण येते; नुसते ‘बर्डी’ म्हटले की पुरते. वर्धा जिल्ह्यातील आष्टी-आर्वीकडच्या कुटुंबांनाही लग्नाच्या बस्त्यासाठी ‘बर्डीला जाणे’ नवे नाही. व्हरायटी चौकातून लोखंडी पुलाच्या दिशेने जाणारा मुख्य रस्ता आणि त्याला येऊन मिळणाऱ्या मोदी गल्ल्या ही या बाजारपेठेची मुख्य पेठ. शीतलाप्रसाद व बद्रीप्रसाद या दोन बंधूंच्या नावांवरून हे नाव पडल्याची कथा सांगितली जाते. मात्र वऱ्हाड-नागपूरकडे ‘बर्डी’ म्हणजे लहान टेकडी, हा अर्थ अधिक सरळ वाटतो.

बाजारपेठेच्या आधी येथे रणभूमी होती. २६ व २७ नोव्हेंबर १८१७ रोजी याच जोडटेकड्यांवर अप्पासाहेब भोसले यांच्या सैन्याची इंग्रजांशी लढाई झाली. भोसल्यांचा पराभव झाला आणि इंग्रजांनी टेकडीवर किल्ला बांधला. तो आजही लष्कराच्या ताब्यात असून सामान्य नागरिकांना वर्षातील मोजक्याच दिवशी तेथे प्रवेश मिळतो.

बाजार वाढला तो जागेमुळे. १८६१ मध्ये मध्य प्रांताची स्थापना होऊन नागपूर राजधानी झाले आणि १८६७ मध्ये मुंबईहून रेल्वे आली. पूर्वेकडे महाल-इतवारीचे जुने शहर, पश्चिमेकडे साहेबांचे सिव्हिल लाइन्स आणि मध्ये रेल्वे स्थानकालगत सीताबर्डी! इतवारीने ठोक व्यापार राखला, तर कपडे, पादत्राणे व फॅशनच्या वस्तूंचा किरकोळ व्यापार बर्डीकडे सरकला. १९५६ मध्ये राजधानीचा मान गेला, पण गिऱ्हाईक गेले नाही.

याच परिसराने शोकही पाहिला आहे. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी हिवाळी अधिवेशनावर आलेल्या गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ जणांचा बळी गेला. सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला या शहिदांचे नाव देण्यात आले आहे.

बर्डीचा अलीकडचा कायापालट मेट्रोने घडविला. मार्च २०१९ मध्ये खापरी-सीताबर्डी मार्ग सुरू झाला आणि जानेवारी २०२० मध्ये लोकमान्यनगरकडील मार्ग त्याला येऊन मिळाला. ११ डिसेंबर २०२२ रोजी उर्वरित टप्पे खुले झाले. मुंजे चौकातील स्थानकावर दोन्ही मार्ग एकमेकांना छेदतात. त्यामुळे शहराच्या चारही दिशांचा ग्राहक आता वाहनाशिवाय बाजाराच्या तोंडाशी उतरू शकतो. पुढे मात्र त्याला वाट काढावी लागते. दुचाक्यांच्या रांगा, दुकानांबाहेर आलेला माल आणि फेरीवाल्यांच्या गाड्या यांच्यामध्ये चालणाऱ्यासाठी उरते ती चिंचोळी पट्टी. दिवाळीच्या आठवड्यात तीही उरत नाही.

खरा पेच येथेच आहे. फेरीवाल्यांमुळे ग्राहक दारापर्यंत पोचत नाही, अशी दुकानदारांची तक्रार. तर याच रस्त्यावर आमची चूल पेटते, असे फेरीवाल्यांचे म्हणणे. हा वाद उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. कारवाईचे पथक आले की गाड्या गल्लीत शिरतात, पथक गेले की परततात. हा खेळ नागपूरकरांच्या अंगवळणी पडला आहे. पुण्यात ११ डिसेंबर २०२१ रोजी पादचारी दिनानिमित्त लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांसाठी बंद ठेवण्यात आला आणि तो उपक्रम पुढेही होत राहिला. बर्डीला मेट्रो दाराशी असल्याने असा प्रयोग येथे अधिक सोपा ठरावा. परंतु वाहने हटविताना फेरीवाल्यांनाही हुसकावायचे, हा मार्ग कायद्याला धरून नाही. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने दर पाच वर्षांनी सर्वेक्षण आणि नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे असणे बंधनकारक केले आहे. विक्रेत्याला जागेवरून हलविण्यापूर्वी ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते, ही तरतूदही त्याच कायद्यात आहे.