सुभेदारांची पेन्शन

सैन्यात जाण्याचे फायदे हा विषय निघाला की आमच्या मुलुंडमध्ये गाडी हमखास कँटीनवर येते. कुणाचे तरी मेव्हणे, कुणाचे तरी व्याही निवृत्त फौजी असतात आणि त्यांच्या कार्डावर मिक्सर केवढ्याला पडला याची चर्चा सुरू होते (मिक्सर म्हणायचं आणि बाटली समजायची, हे सुज्ञांस सांगणे न लगे!). मग मोफत औषधपाणी, मुलांना कॉलेजात राखीव जागा, घरपट्टी माफ... यादी वाढतच जाते. शेवटी कुणीतरी उसासा टाकून म्हणतं, "आणि वर पेन्शन!"

या यादीत एक फायदा कधीच येत नाही. तो आता राहिलेला नाही, म्हणून येत नसेल. पण माझ्या मते महाराष्ट्राच्या इतिहासात फौजेने दिलेला सगळ्यात मोठा फायदा तोच. पलटणीतली शाळा.

आमचं मूळ गाव दापोली तालुक्यातलं. लहानपणी मे महिन्यात एस.टी.तून उतरलं की म्हातारी माणसं "कापात जाऊन येतो" म्हणायची. काप म्हणजे काय, हे मला कॉलेजात जाईपर्यंत कळलं नव्हतं. काप म्हणजे कॅम्प! १८१८ मध्ये पेशवाई गेली आणि इंग्रजांनी दक्षिण कोकणाची लष्करी छावणी दापोलीला केली. हवा थंड, समुद्र जवळ, साहेबाला मानवणारी जागा. पुढे १८४० च्या सुमारास पलटणी तिथून हलल्या, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. आणि चिकटली ती पेन्शनर मंडळी. मुंबई इलाख्याच्या फौजेतून निवृत्त झालेले कितीतरी शिपाई, हवालदार, जमादार, सुभेदार दापोलीच्या आसपास घर करून राहिले. त्यांत मोठा भरणा महार समाजातल्या फौजींचा होता.

कंपनीच्या फौजेत महार पहिल्यापासून होते. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईत ते होते, तिथल्या स्तंभावर 'नाक' या शेवटाची नावं आहेत ती त्यांचीच. पायदळातल्या शिपायाचा पगार महिना सात रुपये. एकोणिसाव्या शतकाचा बराच काळ तो सातच राहिला, आणि त्यातूनच खाणंपिणं भागवायचं. आज हसू येईल, पण हे सात रुपये कुठून यायचे ते बघा. गावात राहिलेल्या महाराचं पोट वतनावर. म्हणजे सरकारी आणि गावकीची पडेल ती कामं करायची, आणि त्याबदल्यात गावाने धान्य दिलं तर खायचं. देणारा गाव, न देणाराही गावच! पलटणीतल्या शिपायाला मात्र रोख पगार, म्हातारपणी रोख पेन्शन, आणि त्यातला एक पैसाही पाटलाच्या मर्जीवर नाही. बाबासाहेबांनी पुढे १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं विधेयक मांडलं ते याच गुलामीविरुद्ध. वतनं प्रत्यक्षात गेली १९५८ च्या कायद्याने. फौजी घरं त्या जोखडातून शंभर वर्षं आधीच सुटली होती.

आता शाळा. कंपनीच्या फौजेत शिपायांना आणि त्यांच्या मुलांना, मुलींनासुद्धा, शिक्षण सक्तीचं होतं, असं बाबासाहेबांनीच लिहून ठेवलंय. ज्या काळात बाहेर ब्राह्मणाच्या मुलीलाही अक्षरओळख नव्हती, त्या काळात महार सुभेदाराच्या घरातल्या बायका वाचत होत्या! साहेबाला काही समाजसुधारणेचा झटका आला नव्हता. हुकूम वाचता येणारा, हिशेब ठेवता येणारा शिपाई त्याला हवा होता. पण अक्षर एकदा आलं की ते फक्त हुकूम वाचायला थोडंच वापरलं जातं?

गोपाळबाबा वलंगकरांचंच बघा. महाडजवळच्या रावढळचे. १८८६ मध्ये फौजेतून निवृत्त झाले आणि दापोलीत राहिले. इतर कुणी पेन्शनर अंगणात आंब्याची कलमं लावत बसला असता. यांनी १८८८ मध्ये 'विटाळ विध्वंसन' लिहिलं, अस्पृश्यता कुठल्या शास्त्रात बसते असा जाब धर्ममार्तंडांना विचारला, 'अनार्य दोषपरिहारक मंडळी' काढली, 'दीनबंधू'त लिहिलं. १८९५ मध्ये सरकारने त्यांना महाड तालुका लोकल बोर्डावर नेमलं, तर शेजारी बसायचं कसं म्हणून बाकीचे सभासद चिडले. हे सगळं करायला लागणारा वेळ, अक्षर आणि गावाला न भिण्याची ताकद, तिन्ही फौजेतून आलेली. पेन्शनरला वाळीत टाकून उपाशी मारता येत नाही. सरकारचे पैसे येतच राहतात!

दापोलीच्या या पेन्शनरांची मुलं गावातल्या शाळेत गेली तेव्हा मात्र त्यांना वर्गाबाहेर व्हरांड्यात बसवलं गेलं. १८९० नंतरच्या त्या वर्षांत या जुन्या फौजींनी त्याविरुद्ध सरकारकडे अर्जविनंत्या केल्या. शिस्तीत, कागदावर, कायद्याच्या भाषेत. पलटणीच्या शाळेत गेलेल्या माणसाला आपला हक्क कुणाकडे आणि कसा मागायचा हे ठाऊक होतं.

आणि नेमक्या त्याच वेळी घाव बसला. १८९२ मध्ये महारांची फौजभरती बंद करण्याचा हुकूम निघाला. लॉर्ड रॉबर्ट्स तेव्हा हिंदुस्थानचा सरसेनापती होता, आणि अमुक जाती लढाऊ, तमुक जाती बिगरलढाऊ या खुळाचा तो मोठा पुरस्कर्ता. पंजाबी, पठाण, गुरखे लढाऊ ठरले. पाऊणशे वर्षं ज्यांच्या जिवावर मुंबईची फौज लढली ते एका कागदाने बिगरलढाऊ! कुणी बंड केलं नव्हतं, कुणी रणातून पळालं नव्हतं. एक नोकरी बंद झाली एवढ्यावर ते थांबलं नाही. रोख पगार, पेन्शन आणि मुलांची शाळा असा तिपेडी दोर एकदम कापला गेला. सरकारने दिलेली सवलत आणि मिळवलेला हक्क यांतला फरक मला इथे दिसतो. सवलत काढून घेताना कारण सांगावं लागत नाही.

याविरुद्ध कोकणातल्या महारांनी सरकारकडे अर्ज केला. त्याची प्रत बाबासाहेबांना वडिलांच्या जुन्या कागदपत्रांत सापडली. चौकशी केली तेव्हा कळलं की मसुदा न्यायमूर्ती रानड्यांनी लिहून दिला होता! १९४३ मध्ये पुण्यात रानड्यांवर भाषण करताना बाबासाहेबांनी ही आठवण सांगितली. अर्जाचा उपयोग शून्य झाला.

बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे स्वतःच या शाळांचं फळ. पुण्याच्या नॉर्मल स्कूलमध्ये शिकून फौजी शाळेत शिक्षक झाले, पुढे चौदा वर्षं मुख्याध्यापक. भीमाबाईंचं माहेर आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाडचं, तेही फौजी घराणं. १८९१ मध्ये भीमराव जन्मले ते महूच्या छावणीत. रामजी निवृत्त होऊन दापोलीला आले, तिथून साताऱ्याला गेले. भरतीबंदीच्या थोडं आधीच जन्मलेला हा मुलगा. वडील फौजेत वीस वर्षं उशिरा जायला निघाले असते तर? असले जर-तर करू नयेत म्हणतात, पण मला तो विचार टाळता येत नाही.

बरं, पेन्शन आणि अक्षर म्हणजे सगळं मिळालं असंही नाही. १९०१ मध्ये रामजी खटाव तालुक्यात दुष्काळी तलावाच्या कामावर खजिनदार होते. त्यांनी मुलांना सुट्टीत बोलावलं. इंग्रजी पद्धतीचे नवे सदरे, रेशीमकाठी धोतरं, भारी टोप्या घालून पोरं मसूर स्टेशनात उतरली. कपडे बघून स्टेशनमास्तर आस्थेने चौकशी करायला आला, आणि जात कळल्यावर पाच पावलं मागे सरला. गाडीवाला दुप्पट भाडं घेऊन कबूल झाला. अट अशी की गाडी पोरांनीच हाकायची आणि तो पायी चालणार. रात्रभर पोरांना प्यायला पाणी मिळालं नाही. सुभेदाराच्या मुलांना! साताऱ्याच्या शाळेत भीमराव बसायला घरून गोणपाट नेत असे, तेही याच काळातलं.

पण मला खरी पेन्शन दिसते ती परळच्या चाळीत. १९०४ नंतर हे कुटुंब मुंबईला आलं. एका खोलीत सगळा संसार, त्यात अभ्यास. रामजी स्वतः रात्री जागत आणि दोनला मुलाला उठवून अभ्यासाला बसवत. भीमरावांना पुस्तकांचं वेड, आणि पुस्तक हवं म्हणजे हवंच. हातात पैसे नसले की म्हातारा लग्न झालेल्या मुलीकडे जाई आणि उसने पैसे मागे. ते नसले तर दुसऱ्या मुलीचा दागिना मागून मारवाड्याकडे गहाण ठेवी. पेन्शन हातात पडली की दागिना सोडवून मुलीला परत. महिन्यामागून महिने! आज आपण एज्युकेशन लोन म्हणतो ते हेच, फक्त तारण होती इंग्रज सरकारची पेन्शन आणि लेकीचा दागिना. रामजी २ फेब्रुवारी १९१३ ला गेले. त्याच वर्षी मुलगा कोलंबिया विद्यापीठात पोहोचला.

जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली, तेव्हा आमच्याकडेही वाद रंगला होता. चार वर्षं नोकरी, मग चारातल्या एकालाच पुढे ठेवायचं, बाकीच्यांना साधारण पावणेबारा लाख एकरकमी आणि पेन्शन नाही. तरुण फौज हवी, पेन्शनचा बोजा कमी हवा, हे हिशेब मला कळतात. पण पावणेबारा लाख एकदा येतात. ते एखाद्या लग्नात किंवा एखाद्या टेम्पोत संपू शकतात. दर महिन्याला न चुकता येणाऱ्या थोड्या पैशांवर मारवाडी दागिना ठेवून घेतो, त्याला पुढच्या महिन्याची खात्री असते. हा फरक मला तरी कुणाच्या आकडेमोडीत दिसला नाही.

भरतीचं पुढे काय झालं ते सांगतो आणि थांबतो. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळ्यांनी थेट विलायतेतल्या भारतमंत्र्याकडे अर्ज केला. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा महार एकदम पुन्हा लढाऊ ठरले, १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपलं, गरज संपली, १९२१ पर्यंत ती मोडलीही. मग दुसरं महायुद्ध आलं. १९४१ मध्ये बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर गेले, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. ती रेजिमेंट आजही आहे, आणि आता तीत सगळ्या जातींची माणसं भरती होतात.