समलिंगी विवाह : संस्कार की करार?

विवाह म्हणजे नेमके काय, हा समलिंगी विवाहाच्या वादातील मूळ प्रश्न होय. २०२२ च्या प्रारंभी, नागपुरात दोन महिला डॉक्टरांनी कुटुंबीयांच्या साक्षीने परस्परांना अंगठ्या घातल्याचे वृत्त आले, तेव्हा तो या शहरातही चर्चेला आला.

सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांच्या संमतीने होणारे समलिंगी संबंध कलम ३७७ च्या कक्षेतून वगळले. पुढचा प्रश्न विवाहाचा होता. १९५४ चा विशेष विवाह कायदा वराचे वय २१, तर वधूचे १८ सांगतो. तो लिंगनिरपेक्ष वाचावा, अशी याचिकाकर्त्यांची मागणी होती. नागपुरात मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय स्वयंसेवक संघाने मार्च २०२३ मध्ये विरोधी भूमिका घेतली. विवाह हा स्त्री-पुरुषांमधील संस्कार आहे, करार नव्हे, असे सरकार्यवाह दत्तात्रेय होसबाळे यांनी सांगितले. तथापि, विशेष विवाह कायद्यान्वये होणाऱ्या विवाहास होम वा सप्तपदी आवश्यक नसते. नोंदणी पुरेशी असते.

१७ ऑक्टोबर २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने विवाह हा मूलभूत अधिकार नसल्याचा निर्वाळा एकमताने दिला व कायदा करण्याचे काम संसदेवर सोपविले. जानेवारी २०२५ मध्ये पुनर्विचार याचिकाही फेटाळल्या गेल्या.

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने, अशा जोडीदारांना संयुक्त बँक खाते उघडण्यास व परस्परांना नामनिर्देशित करण्यास आडकाठी नसल्याचे स्पष्ट केले. मृत्युपत्र नसल्यास मात्र आयुष्यभराच्या जोडीदारास वारसाहक्क मिळत नाही.