दिनविशेष : १ जानेवारी

१८१८ : शिरूरच्या, म्हणजे घोडनदीच्या छावणीतून आदल्या रात्री निघालेली कॅप्टन स्टाँटनची इंग्रज तुकडी सकाळी भीमेकाठी कोरेगावात पोहोचली. शिपाई आठशेच्या आसपास, तोफा दोन. समोर दुसऱ्या बाजीरावाची कैक पटींनी मोठी फौज. गल्लीबोळांत रात्रीपर्यंत हातघाई चालली. नदी हाकेच्या अंतरावर, पण पाण्याची वाट पेशव्यांच्या सैन्याने अडवलेली. रात्रभराची चाल करून आलेले हे शिपाई दिवसभर तहानेने व्याकूळ होऊन लढले. त्यांत महार सैनिक मोठ्या संख्येने होते. पुढे उभारलेल्या जयस्तंभावर ‘नाक’ने संपणारी त्यांची नावे कोरली आहेत, ती जाऊन जरूर वाचावीत. पेशवाई त्याच वर्षी जूनमध्ये संपली.

१९२७ : डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जयस्तंभाला भेट देऊन या सैनिकांना अभिवादन केले. इतिहासाने कडेला सारलेल्या पराक्रमाला त्या दिवशी हक्काचे स्थान मिळाले, असे आम्ही मानतो. आज दरवर्षी लाखोंचा जनसागर येथे लोटतो.

१८६२ : भारतीय दंड संहिता अमलात आली.

१९३२ : डॉ. ना. भि. परुळेकर यांनी पुण्यात ‘सकाळ’ दैनिक सुरू केले.