अमळनेरचे विप्रोचे शेअर : एका कागदाचे ५ लाख १२ हजार कसे झाले, आणि पेटीत जुने शेअर असतील तर काय करायचं

नाशिकहून मालेगाव-धुळ्यामार्गे गेलं की बोरी नदीच्या काठी अमळनेर लागतं. जिल्हा जळगाव, पण महसूल विभाग आपलाच, नाशिक. साने गुरुजींनी इथल्या शाळेत शिकवलं, ही गावाची जुनी ओळख. दुसरी ओळख शेअरची. शेती आणि छोटा धंदा करणाऱ्या इथल्या अनेक घरांनी एका कंपनीचे शेअर वर्षानुवर्षं न विकता ठेवले आणि त्यातली काही घरं कोट्यधीश झाली. गोष्ट खरी आहे, पण ती सांगताना अर्धीच सांगितली जाते.

कंपनीचं मूळ नाव वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. डिसेंबर १९४५ मध्ये मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी ती काढली. खानदेशात भुईमूग भरपूर, त्यामुळे तेलाचा कारखाना अमळनेरला टाकला. ‘सनफ्लॉवर’ नावाचं वनस्पती तूप, ७८७ नावाचा कपडे धुण्याचा साबण आणि पेंड, एवढाच माल. त्या काळात हा शेअर म्हणजे गावातल्या तेल गिरणीतला वाटा, यापेक्षा जास्त कुणी समजत नव्हतं.

ऑगस्ट १९६६ मध्ये हाशम प्रेमजी अचानक वारले. मुलगा अझीम अमेरिकेत स्टॅनफर्डला शिकत होता, वय २१. शिक्षण अर्धवट टाकून तो परत आला. पहिल्याच सर्वसाधारण सभेत एका भागधारकाने त्याला तोंडावर सांगितलं की तुझ्याच्याने हे होणार नाही, शेअर विकून मोकळा हो. हा किस्सा प्रेमजींनी स्वतः सांगितलेला आहे. त्या भागधारकाला वेडा ठरवायचं कारण नाही. तेव्हा कोणीही शहाणा माणूस तेच म्हणाला असता.

पुढे कंपनीने धंदाच बदलला. १९७७-७८ च्या सुमारास आयबीएम भारतातून गेली आणि संगणकाच्या बाजारात जागा रिकामी झाली. तुपाची कंपनी त्यात उतरली. १९८२ मध्ये नाव झालं विप्रो लिमिटेड. म्हणजे अमळनेरच्या माणसाने शेअर घेतला होता तेलाचा आणि हातात आला सॉफ्टवेअरचा. हे त्याने ओळखून केलं नव्हतं. त्याने फक्त विकलं नाही.

हिशोब

१९८० मध्ये १०० रुपये दर्शनी किमतीचा एक शेअर घरात होता असं धरा. १९८१ आणि १९८५ ला एकास एक बोनस मिळाला, त्याचे ४ झाले. मग १०० रुपयांच्या शेअरचे १० रुपयांचे तुकडे झाले, म्हणजे ४०. त्यानंतर चार वेळा दुप्पट, म्हणजे ६४०. १९९७ ला एकास दोन बोनस, १,९२०. १९९९ ला १० रुपयांच्या शेअरचे २ रुपयांचे पाच तुकडे, ९,६००. मग २००४, २००५, २०१०, २०१७, २०१९ आणि शेवटी डिसेंबर २०२४ चा बोनस. सगळं धरून एका कागदाचे ५ लाख १२ हजार शेअर होतात. शेअरचा भाव २५० रुपये धरला तर १२ कोटी ८० लाख. जानेवारी २०२५ मध्ये कंपनीने शेअरमागे ६ रुपये अंतरिम लाभांश जाहीर केला, त्याचेच ३० लाख ७२ हजार रुपये झाले. एका शेअरवर.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण बोनस म्हटलं की लोकांना फुकटचं धन वाटतं. बोनस मिळाला की शेअरची संख्या वाढते आणि भाव त्याच प्रमाणात उतरतो. एका भाकरीचे दोन तुकडे केले म्हणून पीठ वाढत नाही. अमळनेरकर श्रीमंत झाले ते बोनसने नाही, कंपनीचा नफा वाढत गेला म्हणून.

सांगितली न जाणारी बाजू

फेब्रुवारी २००० मध्ये संगणक कंपन्यांची लाट शिगेला पोचली होती. विप्रोचा भाव ९ हजारांच्या पुढे गेला. तेव्हाच्या ९,६०० शेअरची किंमत साडेआठ कोटींच्या वर होती. म्हणजे पहिल्या २० वर्षांत १०० रुपयांचे साडेआठ कोटी झाले, आणि नंतरच्या २५ वर्षांत साडेआठचे जेमतेम तेरा. लाभांश वेगळा धरला तरी बँकेतली मुदत ठेव याहून पुढे गेली असती. शिखरानंतर दोन वर्षांच्या आत भाव ८० टक्क्यांहून जास्त पडला. बोनस धरून हिशोब केला तरी तो भाव परत दिसायला सुमारे २० वर्षं लागली. ज्याने अमळनेरची कीर्ती ऐकून २००० मध्ये शेअर घेतले, त्याच्याबद्दल कोणी बातमी छापत नाही.

आणि ज्या तुपा-साबणाने हे सुरू झालं तो धंदा आता विप्रोच्या शेअरमध्ये नाहीच. २०१३ मध्ये तो वेगळा काढून विप्रो एंटरप्रायझेस या कंपनीत गेला. तिचे शेअर बाजारात विकले जात नाहीत.

त्याच जिल्ह्यात दुसरं उदाहरण आहे. जळगावची जैन इरिगेशन. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत तिचं ठिबक माहीत नाही असा शेतकरी सापडायचा नाही. २०१० मध्ये आजच्या २ रुपयांच्या शेअरच्या हिशोबाने भाव दोनशेच्या वर होता. मग कर्ज अंगावर आलं, २०१९ ला हप्ते थकले आणि २०२० मध्ये भाव १० रुपयांच्या खाली होता. माल चांगला होता. ज्याने ‘आपल्या भागातली कंपनी’ म्हणून धरून ठेवला, त्यानेही अमळनेरकराइतकाच धीर धरला होता.

नाशिकची सुला वाईनयार्ड्स डिसेंबर २०२२ मध्ये ३५७ रुपये भावाने बाजारात आली. जानेवारी २०२४ मध्ये ७०० च्या जवळ गेली, २०२५ मध्ये मूळ भावाच्याही खाली. तिला तीन वर्षंच झालीत, तिचा निकाल आज लावणं घाईचं ठरेल. पण पोराच्या शिक्षणाचा किंवा विहिरीचा पैसा अशा एकाच शेअरमध्ये घालणं म्हणजे सगळं रान एकाच पिकाखाली आणणं. टोमॅटोला भाव मिळाला तर बंगला, नाहीतर रस्त्यावर ओतायची वेळ.

पेटीत जुने कागद सापडले तर

आजोबांच्या पेटीत कोणत्याही कंपनीचे शेअरचे कागद असतील तर ते रद्दीत घालू नका. कंपनीचं नाव बदललेलं असू शकतं, तेव्हा आधी आजचं नाव शोधा. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर दुसऱ्याच्या नावावर विकता येत नाहीत, आधी ते डीमॅट करावे लागतात. मूळ मालक वारला असेल तर वारसाच्या नावावर करून घेण्याची सोय आहे. त्यासाठी कंपनीच्या रजिस्ट्रारकडे अर्ज करायचा. विप्रोचं हे काम हैदराबादची केफिनटेक पाहते. मृत्यूचा दाखला, वारसाची कागदपत्रं, पॅन आणि बँक खातं लागतं. रक्कम मोठी असेल तर कोर्टाचे कागदही मागतात.

सलग सात वर्षं लाभांश उचलला नसेल तर तो लाभांश आणि ते शेअर, दोन्ही सरकारच्या आयईपीएफ या निधीत जमा होतात. ते बुडत नाहीत. आधी कंपनीकडून हक्काचं पत्र घ्यायचं आणि मग आयईपीएफ-५ हा फॉर्म ऑनलाइन भरायचा. फॉर्मला सरकारी फी नाही. वेळ मात्र लागतो, महिनोन् महिने. ‘तुमचे शेअर सोडवून देतो, निम्मे आमचे’ असं सांगणारा फोन आला तर मूळ कागद आणि सही केलेला कोरा फॉर्म कोणाच्याही हातात देऊ नका. पत्ता बदललेला असेल तर तो सगळ्यात आधी कळवा, कारण कंपनीची पत्रं अजूनही आजोबांच्या जुन्या पत्त्यावरच जात असतात.