मतदानयंत्रे व कागदी नोंद

मतदानयंत्रे व कागदी नोंद : मतपत्रिकेवर शिक्का न उमटविता यंत्राची कळ दाबून मत नोंदविण्याची पद्धती आणि त्या मताच्या पडताळणीसाठी छापली जाणारी चिठ्ठी, यांविषयीच्या कायदेशीर तरतुदी. भारतात यंत्र आधी आले व कायदा मागाहून आला. त्यामुळे या तरतुदींचा इतिहास मुख्यत्वे न्यायालयीन निर्णयांतून उलगडतो.

केरळमधील परूर विधानसभा मतदारसंघात १९ मे १९८२ रोजी ८४ पैकी ५० मतदान केंद्रांवर इलेक्ट्रॉनिक यंत्रे प्रथम वापरण्यात आली. निवडणूक आयोगाने यासाठी केंद्र सरकारची संमती मागितली होती. ती मिळाली नाही, तेव्हा संविधानाच्या अनुच्छेद ३२४ खालील अधीक्षणाच्या अधिकाराचा आधार घेऊन आयोगाने स्वतःच आदेश काढला. भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे उमेदवार सिवन पिल्लै यांनी मतदानापूर्वीच यंत्रांना केरळ उच्च न्यायालयात आव्हान दिले. तथापि न्यायालयाने हस्तक्षेप केला नाही. निकालात पिल्लै यांना ३०,४५० व काँग्रेसचे ए. सी. जोस यांना ३०,३२७ मते पडली. पिल्लै यांच्या मतांपैकी १९,१८२ यंत्रांवरील होती. आता भूमिका उलटल्या व पराभूत जोस न्यायालयात गेले. उच्च न्यायालयाने त्यांचा अर्ज फेटाळला, परंतु सर्वोच्च न्यायालयाने ५ मार्च १९८४ रोजी तो मान्य केला. यंत्र चांगले की वाईट, हा न्यायालयापुढील खरा प्रश्न नव्हता. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ व निवडणूक घेण्याबाबतचे नियम, १९६१ यांत मतपत्रिकेची रीत विहित केलेली असताना आयोग स्वतःच्या आदेशाने ती बदलू शकतो काय, एवढाच मुद्दा होता. कायदा मूक असेल तेथेच अनुच्छेद ३२४ चा अधिकार चालतो. कायदा बोलतो तेथे आयोगासही तो पाळावा लागतो, असा निर्णय झाला. त्या ५० केंद्रांवर मतपत्रिकांनी फेरमतदान होऊन जोस विजयी झाले. यंत्राच्या सदोषतेचा पुरावा म्हणून या निर्णयाचा पुष्कळदा दाखला दिला जातो. तो योग्य नाही.

ही उणीव संसदेने अधिनियमात ६१ क हे कलम घालून दूर केली. ते १५ मार्च १९८९ पासून अंमलात आले. परिस्थिती पाहून आयोग निश्चित करील त्या मतदारसंघांत यंत्रांनी मतदान घेण्यास त्याने मुभा दिली. १९९२ मध्ये नियमांत तदनुरूप बदल झाले. १९९८ मध्ये मध्य प्रदेश, राजस्थान व दिल्ली येथील काही मतदारसंघांत यंत्रे वापरली गेली. १९९९ मध्ये गोवा विधानसभेची संपूर्ण निवडणूक व २००४ मध्ये लोकसभेची संपूर्ण निवडणूक यंत्रांवर झाली.

या तरतुदींत कागदाला मात्र स्थान नव्हते. यंत्रावर फेरमोजणी म्हणजे तोच आकडा पुन्हा वाचणे, हा आक्षेप बळावत गेला. जर्मनीच्या संघीय संविधान न्यायालयाने ३ मार्च २००९ रोजी, २००५ च्या निवडणुकीत वापरलेली कागदी नोंद नसलेली यंत्रे संविधानाशी विसंगत ठरविली. निवडणुकीचे महत्त्वाचे टप्पे सामान्य नागरिकास तज्ञाच्या मदतीविना तपासता आले पाहिजेत, हे त्यामागील तत्त्व होय. तेथे परवानगी देणारा कायदा होता. तरीही त्याखालील नियम अपुरे ठरले. भारतीय वादाहून त्याचे स्वरूप भिन्न होते ते या बाबतीत.

भारतात १४ ऑगस्ट २०१३ रोजी नियम दुरुस्त होऊन ‘व्हीव्हीपॅट’ या नावाने परिचित असलेल्या छपाईयंत्रास मान्यता मिळाली. ४ सप्टेंबर २०१३ रोजी नागालँडमधील नोकसेन येथील पोटनिवडणुकीत त्याचा प्रथम वापर झाला. ८ ऑक्टोबर २०१३ रोजी, सुब्रमण्यम स्वामी यांच्या प्रकरणात, कागदी नोंद ही मुक्त व न्याय्य निवडणुकीची अपरिहार्य गरज असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. उमेदवाराचा अनुक्रमांक, नाव व चिन्ह दर्शविणारी चिठ्ठी काचेआड सात सेकंद दिसते व बंद पेटीत पडते. गुप्ततेसाठी ती मतदाराच्या हाती दिली जात नाही. चिठ्ठी चुकीची छापल्याची तक्रार करणाऱ्यास लेखी प्रतिज्ञापन देऊन चाचणी-मत द्यावे लागते. तक्रार खोटी ठरल्यास तो शिक्षेस पात्र होतो. ही तरतूद तक्रारदारास परावृत्त करणारी आहे, या टीकेत तथ्य आहे. यंत्रातील आकडा व चिठ्ठ्यांची मोजणी यांत तफावत आढळल्यास चिठ्ठ्यांची मोजणी ग्राह्य धरली जाते. नियमांतील ही सर्वांत महत्त्वाची तरतूद होय.

मात्र किती चिठ्ठ्या मोजावयाच्या हा वाद उरला. विरोधी पक्षांनी निम्म्या यंत्रांची मागणी केली असता सर्वोच्च न्यायालयाने ८ एप्रिल २०१९ रोजी प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील केंद्रांची संख्या एकावरून पाचवर नेली. २६ एप्रिल २०२४ रोजी मतपत्रिकांकडे परतण्याची व सर्व चिठ्ठ्या मोजण्याची मागणी न्यायालयाने फेटाळली; परंतु दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांस, निकालानंतर सात दिवसांत लेखी मागणी करून, प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाच टक्के यंत्रांची तपासणी स्वखर्चाने करून घेण्याची मुभा दिली. यंत्रात फेरफार आढळल्यास हा खर्च परत मिळतो.

हे सर्व नियम लोकसभा व विधानसभा निवडणुकांपुरते आहेत. पंचायती व नगरपालिकांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगाच्या अखत्यारीत येतात; महाराष्ट्रात त्या आयोगाने २०२५ मध्ये या निवडणुकांसाठी व्हीव्हीपॅट न वापरण्याचे जाहीर केले.